कमळाकरच्या गाडीचं इंजिन

१२ नोव्हेंबर १९६१

आज पुन्हा पळस्प्याच्या अलीकडे गाडी बंद. पेट्रोल संपलं! पेणहून येणारे उतारू आत खच्चून भरलेले. सगळ्यांना उतरवलं, ढकलायला लावलं. एक आगरीण टोपली डोक्यावर ठेवून म्हणाली, "भारं बी द्याचं न् गारी बी आमीच ढकलाची?" सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले.

लढाई संपल्यावरची ही शेवरोले. दिसायला अजून झोकात. पण पेट्रोल अशी पिते की मी तिला पोसतो का ती मला, तेच कळेनासं झालंय. स्टँडवर कमळाकर मात्र निवांत बिडी ओढत बसलेला असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी प्लिमथमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं, तेव्हा सगळ्यांत जास्त दात मीच काढले होते — "टॅक्सी आणलीस का पिठाची गिरणी?" आता गिरणीवाला सुखात आहे आणि मी उतारूंच्या शिव्या खातोय.

घरी बायकोला, वेणूला सांगितलं, डिझेल बसवायचं. ती म्हणाली, "गणपतीपासून तेच म्हणताय." बरोबर आहे तिचं.

१६ नोव्हेंबर

हसनमिया मिस्त्रीबरोबर हिंडलो. नवं इंजिन आपल्या आवाक्यातलं नाही. जुन्या गाडीतूनच काढायचं. कोणत्या गाडीतून — तेवढंच ठरवायचंय. तेवढंच!

पहिली पाहिली ती लष्कराच्या लिलावातली लॉरी. सहा सिलिंडरचं धूड. हसनमियाने सुतळीने त्याची लांबी घेतली, मग तीच सुतळी माझ्या बॉनेटखाली धरली आणि नुसती मान हलवली. ते बसवायचं तर रेडिएटर बंपरवर टांगावा लागेल, आणि वजनाने पुढच्या स्प्रिंगा बसतील ते वेगळंच. मग उरणला एका लाँचचं इंजिन पाहिलं. ते खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेलं. मग एका कंत्राटदाराची जीप. माप अगदी बरोबर! पण चालू केली तर निळा धूर असा, की पलीकडच्या घरातली बाई भांडायला आली.

हसनमिया म्हणाला, "दिनाभाऊ, चार सिलिंडर पाहिजे. मालकाने जीव लावलेलं पाहिजे. आणि एकदा अशाच अमेरिकन गाडीत बसलेलं असेल तर काय विचारता! इंजिन टेकवायचे पाये, जोडपट्ट्या, सगळं तयार मिळेल."

"म्हणजे कमळाकरचं," मी म्हणालो.

दोघेही हसलो. चालत्या गाडीचं इंजिन कोण देतो?

२१ नोव्हेंबर

चिरनेरला एक गाडी आहे असं कळलं. जाऊन पाहिली. तिच्यात कोंबड्या राहतात.

२६ नोव्हेंबर

कमळाकरला अपघात झाला. कर्नाळ्याच्या वळणावर समोरून लॉरी अंगावर आली, याने गाडी खाली घातली, ती उजव्या अंगावर खाचरात पडली. उतारू पेणला उतरलेले होते म्हणून बरं. मागून मी येत होतो. मीच त्याला ओढून काढलं. मांडी भलतीकडेच वळली होती. "आई गं, आई गं" एवढंच म्हणत होता. माझ्या गाडीत घातला, दवाखान्यात पोचवला, त्याच्या बायकोला, भामाला निरोप धाडला.

हे सगळं मी केलं. आधी हे लिहून घेतो, कारण पुढचं लिहायची लाज वाटते आहे.

त्याला गाडीत घालायच्या आधी — आधी! — माझी नजर प्लिमथच्या तोंडाकडे गेली. दरवाजे चेपले, टप वाकला, मागची काच गेली. बॉनेटवर मात्र ओरखडा नव्हता. माणूस पायाशी विव्हळतोय आणि मी हे बघतोय! कदाचित क्षणभरच असेल, पण बघितलं हे खरं.

३० नोव्हेंबर

प्लिमथ बैलांनी ओढून कमळाकरच्या अंगणात आणून ठेवली. मी मदतीला गेलो होतो. सगळे चहाला आत गेले तेव्हा बॉनेट उघडून पाहिलं. काय राखलंय इंजिन! तेलाचा थेंब बाहेर नाही. भामा चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी हाव म्हून धीर हाय." मी बॉनेट हळूच खाली केलं.

४ डिसेंबर

आज जे केलं ते वेणूलाही सांगणार नाही.

दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर व्हरांड्यातच भेटले. मला त्याचा भाऊ समजले. म्हणाले, "हाड उत्तम बसलंय. वेळ लागेल, पण पावसाळ्याच्या आत गाडी चालवतील. घरी सांगा, काळजी करू नका म्हणावं."

आत गेलो. कमळाकरचा पाय वजनं लावून टांगलेला. दाढी वाढलेली. माझा हात धरून म्हणाला, "दिना, डाक्टर काय बोलला रं? मी परत गारी चालवीन का?"

मी म्हणालो, "बघू म्हणाले."

बघू म्हणाले! आपल्याकडे डॉक्टर 'बघू' म्हणाला की लोक काय ते समजतात. नातेवाईक डोळ्यांना पदर लावतात. कमळाकरही समजला. त्याने माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होतो — मी खोटं कुठे बोललो? गाडी चालवणार नाहीस असं तर म्हणालो नाही. पण हे माझं मलाच पटत नाही. मी खोटं बोललो. इंजिनासाठी बोललो.

१० डिसेंबर

आमच्या स्टँडचा एक रिवाज आहे. एखादा ड्रायव्हर आजारी पडला तरी पाटीवरचा त्याचा नंबर पुसत नाहीत. त्याची पाळी आली की मागचा ती फेरी त्याच्या नावाने मारतो आणि भाडं त्याच्या घरी नेऊन देतो. कमळाकरच्या मागे नंबर माझाच. म्हणजे रोज मीच भामाच्या हातात पैसे ठेवायचे, आणि तिने रोज मला देवमाणूस म्हणायचं.

पण रिवाजाला एक अट आहे. गाडी आहे तोवर नंबर आहे. मोडकी का होईना, दारात पाहिजे. गाडी किंवा तिचं इंजिन विकलं की स्टँडची पाटी सांभाळणारा दादूकाका नाव पुसतो. हे मला ठाऊक आहे. कमळाकरलाही ठाऊक आहे.

उद्या जाऊन खरं सांगणार.

११ डिसेंबर

गेलो नाही.

१९ डिसेंबर

त्याला घरी आणलंय. कमरेपासून प्लॅस्टर. मी जाऊन बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं — निवडणुका येताहेत, प्रचाराला गाड्या लागतील, यंदा कमाई आहे. मग तोच म्हणाला, "दिना, ती गारी आता दारात परून गंजल. इंजिन तूच घे. दुसऱ्याला दिला त जिवाला लागल. तुज्या गारीत निदान आवाज त येल कानावर."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं! पुढ्यात आणून ठेवलं होतं देवाने. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि विचारलं काय — "गिअरबॉक्ससकट?"

तो म्हणाला, "सकट घे."

भाव रास्त दिला. घासाघीस केली नाही. तेवढ्याने काही धुतलं जात नाही, हे कळतंय मला.

२८ डिसेंबर

इंजिन काढलं. हसनमिया कप्पी लावत होता, तेवढ्यात भामा हळदकुंकू घेऊन आली. इंजिनाला बोटं लावली, नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातात दिली. लेकीला सासरी धाडतात तसे तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "हिनं आमाला लय दिलंय, भाऊजी. तुमालाबी देल." कमळाकरची खाट ओटीवर आणली होती. तो बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघू शकलो नाही.

स्टँडवर आलो तर दादूकाका फडक्याने पाटी पुसत होता. "नियम म्हंजी नियम," म्हणाला. भामाने दिलेलं खोबरं मी खाल्लं नाही. टाकूनही देववेना. गाडीतच आहे.

१४ जानेवारी १९६२

पहिल्या झटक्यात चालू झालं! हसनमियाने सलाम ठोकला. सगळं जिथल्या तिथे बसलं, कुठे कापायला लागलं नाही, ठोकायला लागलं नाही. पेणला जाऊन आलो. खडखडते खरी, पण ओढते अशी की घाट जाणवत नाही. वेणूने तिळगूळ वाटला. मी हसत होतो, सगळ्यांकडून शाबासकी घेत होतो. परत येताना कमळाकरच्या घराकडचा रस्ता टाळला, लांबून आलो.

२० फेब्रुवारी

प्रचाराच्या फेऱ्या. पैसा आहे. झोप नाही.

११ मार्च

कमळाकरचं प्लॅस्टर काढलं म्हणे. काठी घेऊन चालतो. दादूकाका स्टँडवर सगळ्यांना सांगत होता — "पाय पहिल्यासारका होनार! डाक्टर त आदीपासून बोलत होता म्हनं!" मी कार्बोरेटर साफ करायच्या निमित्ताने बॉनेटमध्ये डोकं घातलं. मग आठवलं, डिझेलला कार्बोरेटरच नसतो.

वेणू विचारते, "त्यांना भेटायला का जात नाही?" वेळ नाही म्हणालो. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे.

१ एप्रिल

त्याला आता कळलंच असेल. रस्त्यात गाठून चार लोकांत तोंडात मारली तरी चालेल. मारावीच. हे असं वाट बघत बसणं नको.

८ एप्रिल

कमळाकर आला होता. काठीशिवाय. सरळ माझ्या गाडीत शेजारी येऊन बसला. म्हणाला, "चालू कर." केलं. डोळे मिटून ऐकत राहिला.

मी सगळं बोलून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, मी का लपवलं ते.

तो म्हणाला, "मना म्हाईत होता. डाक्टरनं त्या दिशी सकाळीच मना सांगलेला."

"मग मला विचारलंस कशाला?"

"डोला मिटला का लॉरी दिसं, दिना. पाय बरा होनार हा ऐकून मी जास्तच घाबरलू. आता परत बसाला लागनार. बायकोला सांगाची लाज. वाटला, तू डायवर हास, तू बोलशील — चालवशील रं, घाबरतंस काय! तू येवरा बोलला असतास त मी इंजिन इकला नसता."

मग उतरला. पेणचे उतारू आले होते.