तोफ ओढणारी जोडी

मंगळ. २३ ऑगस्ट
संग्रहालयात मीटिंग. ३-४ सप्टें.ला मागच्या मैदानात गाविलगडची लढाई करून दाखवायची. छावणी, तंबू, तोफ, सगळं. इंग्रजांकडून लढायला कोणी तयार नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. मी इंग्रजांचा शिपाई! लाल कोट लग्नाच्या बँडवाल्यांकडून. घरी सांगितलं तर सौ. इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.
ते शिपाई खात काय असतील? पावसात झोपत कुठे? कोणालाच सांगता येईना. शोधायला हवं.
तोफेची बैलजोडी माझ्या गळ्यात. म्हणजे दादाच्या. चांदूर रेल्वेजवळ गावाकडे शेती तोच बघतो.

गुरु. २५
घोटाळा. शनिवारी, ३ तारखेला, पोळा!
तारीख ठरवली संग्रहालयाच्या मॅडमनी. त्या कोल्हापूरकडच्या. "आमचा बेंदूर आषाढातच झाला हो, मला वाटलं बैलांचा सण संपला." त्यांचं ठीक आहे. आम्ही अमरावतीचे इतकेजण बसलो होतो, एकाच्याही डोक्यात पोळा येऊ नये? लाल कोटांत गुंतलेलो. पत्रिका वाटून झाल्या. आणि पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू...
दादाला फोन.
"जोडी आनतो. जू नाई ठेवू देनार."
"मंग आनतं काहून?"
"गावात पोळ्याच्या तोरनाखाली आता जोड्याच कमी. शहरातल्या लोकायले पाहू दे. आखरीचा पोळा हाय त्यायचा. येत्या गुरवारी नाई, त्याच्या पुढच्या बाजारात नेतो."
बादल आणि चांद्या विकणार! चारा महाग, गडी मिळत नाही, ट्रॅक्टर भाड्याने येतो. सगळं पटतं. तरी फार वाईट वाटलं. मी शहरात पगार घेणारा, कोणत्या तोंडाने नको म्हणू?

शुक्र. २ सप्टें.
दादा टेम्पोने आला. सोबत जुन्या बंडीची चाकं आणि जू, तोफेसाठी. तोफ पत्र्याची, पण रुबाबदार.
संध्याकाळी मैदानातच खांदशेकणी. कढत पाणी, हळद, तूप. सलीमभाई पेंडॉलवाला, उद्याचा किल्ल्यावरचा गोलंदाज, बादलचा खांदा चोळत होता. "लढाई कल, सेवा आज," म्हणे.
दादा जोडीच्या कानाशी : "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
मॅडमनी विचारलं, मीही म्हणू का?
"म्हना ना. तुमीच तं बलावलं त्यायले."
म्हणाल्या. चांद्याने कान हलवला तर एकदम खूश.

शनि. ३
सकाळी सरी. काळी माती, सांगायलाच नको. लोक भरपूर. जोडी लिंबाखाली झुली-बाशिंगं घालून पुरणपोळी खात उभी, आणि तोफ ओढायला आम्ही लाल कोटवाले. पन्नास पावलांत चाकं रुतली. मग किल्ल्यावरचे लोक खाली उतरून तोफ ढकलायला लागले! सलीमभाईची दाढी सुटली. तोफ हलेना.
दादा इतका वेळ बैलांपाशी. आला, जू उचललं, एक बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. मला म्हणाला, "ये. तू चांद्याच्या बाजूनं."
ओढलं. निघाली. दादाने झडती, म्हणजे आमच्याकडचं पोळ्याचं गाणं, म्हटली, दोन्ही फौजा एका सुरात महादेव म्हणाल्या. गाविलगड पडायचा राहूनच गेला.
कपडे बदलताना दादाने स्वतःचा खांदा चाचपून पाहिला. "रोज वाह्यतेत लेकाचे," एवढंच बोलला. मला रडू आलं. कोटाच्या बाहीने पुसलं. बाहीचा लाल रंग गालाला.

रवि. ४
आज लढाई वेळेत. मी पहिल्याच फैरीत मेलो. पडल्या पडल्या बघत होतो : दादा पोरांना झुली दाखवत होता, बादल किती चालतो, चांद्या कशाला बुजतो ते सांगत होता. विकणारा माणूस इतकं सांगतो? की विकायचं म्हणूनच सांगतो? मेलेल्याला विचारता येत नाही.
संध्याकाळी जोडी घेऊन गेला.

सोम. ५
खांदा काळानिळा. सौ. हळद-तूप चोळते आणि आवतण देते. चालू दे.

मंगळ. ६
मॅडमचा फोन. दादाचं जू मैदानात राहिलंय. "मला दालनात ठेवायला आवडेल. कायमचं द्यायचं आहे का त्यांना? की परत न्यायचंय?"
गावच्या पीसीओवर फोन लावून दादाला बोलावून घेतलं. विचारलं. मागे घुंगरं वाजली, म्हणजे जोडी सोबतच. पोळ्याची घुंगरं अजून काढली नाहीत त्याने.
"गुरवारी सांगतो," म्हणाला.
गुरुवारी बाजार.