लाल शाईने लिहिलेलं
बदलापूर, मंगळवार, १२ जुलै १९९४

संस्थेने माझ्याकडे सांभाळायला दिलेल्या मीनाला ताप आला, म्हणून दुपारी दवाखान्यात नेलं. "कुठलं औषध सोसत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं. मी पटकन म्हणाले, "पेनिसिलिन." त्यांनी ते लाल शाईने तिच्या कार्डावर लिहिलं.

घरी आल्यावर आठवलं, ते माझ्या लेकीला, शुभाला सोसत नव्हतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मीनाचं मला काय ठाऊक? संस्थेच्या कागदावर नुसतं वजन आहे. कार्ड तिच्याबरोबर पुढच्या घरीही जाईल. गरज पडली तरी ती लाल शाई बघून कोणी पेनिसिलिन देणार नाही.

"मावशी, ताप मला आणि येरझाऱ्या तुझ्या!" मीना म्हणते.

दवाखाना आठपर्यंत उघडा असतो. आत्ताच जाते. इथे राहायला आल्यापासून शुभाचं नाव कोणापुढे घेतलेलं नाही. आज घ्यावं लागेल.