न्यायाला पंच्याण्णव गुण

२ मार्च

चि. दशांश यास ताईचे अ. उ. आ.

आईचा गुडघा ठणकतोय, जीभ ठणठणीत आहे. काल माझ्या फुटबॉल संघाच्या मुली शेवटचा गटसामना जिंकल्या. सहा गुण, गटात दुसऱ्या. तिन्ही गटांतले पहिले विश्वचषकाला जाणार, दुसऱ्यांपैकी मात्र जास्त गुणांचा एकच संघ, आणि तिसऱ्या गटातल्या सहा-सहा गुणांच्या दोन तगड्या संघांचा सामना उद्या आहे. कुणीही हरलं तर ते सहावरच अडकणार आणि गोलफरकाने आम्ही आत. बरोबरी झाली तर सात-सात गुणांनी ते दोघेही आत आणि आम्ही घरी. हे त्यांना आजच माहीत आहे! मग कोण मरायला धावेल? सगळे सामने एकाच वेळी ठेवले असते तर तुमच्या महासंघाचं काय घोडं अडलं असतं? तुला तिथे न्याय मोजायला ठेवलंय ना, की खुर्च्या? आमची गोलकीपर छत्तीस वर्षांची आहे, तिला पुढची खेप नाही.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तुझी तू आण.
ताई

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईला गुडघा शेकायला सांग. तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस. टीव्हीवाल्यांना सामने वेगवेगळ्या दिवशी हवे असतात, त्याला माझा इलाज नाही. पण पद्धत न्याय्य आहे, मी स्वतः मोजलंय. अख्खी पात्रता फेरी संगणकावर लाखो वेळा खेळवली. जास्त लायक संघ आत जातो का, एवढंच बघायचं. लायकी क्रमवारीवरून धरतो. शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण आले. आणि मोठे संघ असल्या लबाड्या करत नाहीत गं. सामना बघ, मग बोल.

राग असला तरी माया राहू दे.
तुझा धाकटा

५ मार्च

चि. दशांश यास आशीर्वाद.

बघितला. एक-एक झाल्यावर शेवटची पंचवीस मिनिटं चेंडू बचावफळीत इकडून तिकडे. दोन्ही गोलकीपर कमरेवर हात ठेवून उभ्या. समालोचक बिचारा हवामानावर बोलत होता. माझ्या मुली एकाच बाकावर दाटीने बसून हे बघत होत्या. एकीने बूट काढले, तेव्हा मला कळलं की संपलं.

आणि काय रे, तुमची ती लायकी! क्रमवारी सामन्यांवरून ठरते. एरवी मोठे संघ आमच्याशी खेळत नाहीत, कारण आमची क्रमवारी खाली. म्हणजे लायक कोण ते आधीच ठरवायचं, आणि तेच आले की टाळ्या पिटायच्या. आपला तो बाब्या! एवढ्यासाठी संगणक कशाला जाळलात?

आम्ही दाद मागितली आहे. तुझी साक्ष लागेल. मुलींची सगळी भिस्त तुझ्यावर आहे.
ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न.

कसं सांगू कळत नाही. त्या सामन्यानंतर आकडा पंच्याण्णव झाला. वरच्या क्रमांकाचा संघ आत गेला ना, म्हणून. साहेबांनी पाठ थोपटली. मला लाज वाटली, खरंच. मग मी संघांना होणारा बरोबरीचा मोह हिशोबात धरून पुन्हा मोजलं. एकसष्ट येतात. साहेब म्हणाले, हे तूर्तास राहू दे. पण सुनावणीत कुणी विचारलं तर मी सांगेन. नक्की सांगेन.

आईला नमस्कार. तू अंतर देऊ नकोस.
तुझा धाकटा

२१ मार्च

चि. दशांश,

निकाल तुला आमच्या आधी कळला असेल. दाद फेटाळली. वर खिलाडूवृत्तीचं एक पदक पाठवताहेत. मुलींनी ते परत पाठवायचं ठरवलंय, टपालखर्च महासंघाचाच.

मी तुझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. महासंघाच्या वकिलाने विचारलं, तू पंच्याण्णव म्हणालास, खडखडीत. आमच्या वकिलाने विचारलं की दुसरा काही आकडा आहे का. तू पाणी प्यायलास आणि म्हणालास, अजून काही पक्कं नाही. काय दिवे लावलेस रे! खोटंसुद्धा धड बोलता येईना. गोलकीपरने माझ्याकडे बघितलं. तू माझा भाऊ आहेस हे तिला माहीत आहे.

आईने घरी आल्या आल्या विचारलं, धाकटा भेटला का. मी म्हटलं, तो आला नव्हता. महासंघाने कुणा दुसऱ्यालाच पाठवलं होतं.

लोभ कमी होत नाही, हीच पंचाईत आहे.
ताई