वळणावरचा ब्रेक आणि धुतलेला कप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, साहेबांच्या ड्रायव्हरची विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. लोकांच्या डोक्याचा दाखला कोणी मागत नाही, म्हणून जोडलेला नाही.

१. राहती दोन खोल्यांची जागा मुलाला. त्याची लायकी नाही, पण पोटचा गोळा आहे. साहेबांच्या खुनामागे कोणाकोणाचा हात, यावर तो सभा घेतो, व्हिडिओ करतो. त्यातला एक हात स्वतःच्या बापाचा सांगतो. म्हणे, बाबांनी वळणावर गाडी हळू केली ती इशारा मिळाला म्हणून. मेल्या, तुझे बाबा त्या वळणावर रोजच गाडी हळू करत! मागे बसून साहेब माझ्या थर्मासमधला चहा पीत. तो त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडू नये म्हणून हे ब्रेक लावत. मारेकऱ्याने ते पाहून ठेवले होते आणि तिथेच गाठले, एवढेच.

२. यांची पान्यांची पेटी आणि जॅक कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला. खुनानंतर यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्याने काम दिले. स्टिअरिंगला मात्र हे पुन्हा कधी शिवले नाहीत.

३. यांचा फोटो "आठवड्यात परत करतो, वहिनी" म्हणून खुनावर पुस्तक लिहिणाऱ्याने नेला आणि तोंडाभोवती लाल गोल काढून छापला. तो परत मिळवावा. न मिळाल्यास त्याचे वाटोळे होवो. वकील म्हणतात, हे कायद्यात बसत नाही. राहू दे.

४. निळ्या काठाचा, कान तुटलेला कप. खुनाच्या दिवशीही हे रोजच्यासारखी थर्मास-कपाची पिशवी उचलून घरी आले. आपण काय करतोय हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. आणि मी तो कप रडत रडत घासला. उष्टे भांडे मी कधी तसे ठेवलेले नाही. साहेब चहा पीत होते हे दाखवायला चौकशीत मी तो पुढे केला, तर सरकारी वकील हसला, "बाई, धुतलेला कप कसला पुरावा?" तेव्हापासून मी पुरावा नष्ट करणारी. इतकी वर्षे घसा फोडून सांगते आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी. यांच्या शेवटच्या दुखण्यात मुलगा उशाशी बसून म्हणाला, "बाबा, आता तरी खरं सांगा, ब्रेक कोणी लावायला सांगितला?" यांनी भिंतीकडे तोंड फिरवले ते फिरवलेच. तसेच गेले. त्यानंतर मला जगण्यासारखे काही उरले नाही.

हा कप नातीला. सध्या तीही बापाचेच बोलते. जाणती झाली की डॉक्टरांनी तो तिच्या हातात द्यावा आणि तिच्या आजोबांबद्दल सगळे सांगावे. माझ्यावर विश्वास ठेवणारे डॉक्टर हे तेवढे एकच माणूस आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोघांसमोर सही केली.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही) २. खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: १९ मार्च

ता. क. शिंपी खाली गेल्यावर डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. हळूच म्हणाले, "आजी, आता इथे कोणी नाही. मला तरी खरं सांगा, ब्रेक कोणी लावायला सांगितला?"

कलम ४ रद्द. कप माझ्याबरोबरच जाऊ द्या. घासून ठेवला आहे.