बेहाल्याच्या तळ्यावरची वीज

बेहाला, कोलकाता

ती. श्यामराव यांना श्रीकांतचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, हे ऐकून बरं वाटलं. तुमची बहीण सुचित्रा मजेत आहे. मी मात्र नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने मेव्हण्याकडे पाहुणा म्हणून यावं, मासे खावेत आणि जावं. सोसायटीचं तळं बघून "यावर तरंगती सौर पॅनेल्स टाका" असं सुचवू नये. जागा अडत नाही, पाण्यामुळे पॅनेल्स थंड राहून वीज जास्त देतात, बाष्पीभवन कमी होतं, हे सगळं मी सभेत (तुमचं नाव घेऊन) पोपटासारखं बोललो. ठराव झाला. लिफ्ट आणि पंप उन्हावर चालू लागले, हे खरं. पण पॅनेल्सवर पाणकावळ्यांनी बस्तान मांडलं आणि ज्याने सभेत मांडलं त्यानेच घाण काढावी असं ठरलं. शिवाय रोज तळ्याच्या काठावर गळ टाकून बसणारे तळमजल्यावरचे घोषालबाबू माझ्याशी बोलेनासे झाले. सावलीने मासे मरणार, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या रविवारी मी पॅनेल्सच्या तराफ्यावर बसून ती घासत होतो. अचानक कालबैशाखीचं वादळ सुटलं, तराफ्याचे दोर तुटले आणि मी ब्रशसकट तळ्याच्या मध्यावर! (मला पोहता येत नाही, हे तुम्ही जाणता.) काठावर अख्खी सोसायटी. सल्ला प्रत्येकाकडे, होडी कोणाकडेच नाही. सुचित्रा रडकुंडीला येऊन ओरडत होती, "खाली बसा, हलू नका!" मी ब्रशला मिठी मारून बसलो. तेवढ्यात घोषालबाबूंनी गळ फेकला, तो नेमका माझ्या पायजम्यात अडकला. काठावरून ओरडा झाला, "दादा, खींचिए!" मी ओढत गेलो, तर दोऱ्यामागून त्याला बांधलेला जाड दोर आला. तो तराफ्याला बांधला, मग चौघांनी मला काठाला आणलं. "इतनी बड़ी मछली पहली बार मिली," घोषालबाबू म्हणाले. किती महिन्यांनी बोलले, तर हे!

हा उद्योग कायमचा बंद, असं मी ओल्या कपड्यांनिशी तिथेच जाहीर केलं.

घरी सर्वांना आमची आठवण सांगावी.

आपला वैतागलेला,
श्रीकांत

ता. क. : पावसाळ्यात पाणी चढतं, तेव्हा दोर किती सैल ठेवायचा, ते आकृती काढून पाठवा. जरा लवकर.

ता. क. २ : पॅनेल्सच्या सावलीत रोहू मासे गोळा होतात, असा शोध घोषालबाबूंना लागला आहे. काल त्यांनी दुसऱ्या तराफ्याचा ठराव मांडला, मध्यभागी गळ टाकायला खुर्चीसकट. अनुमोदन मी दिलं. (खुर्च्या दोन ठरल्या आहेत.)