आपण सध्या काय करता?

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत तेवढी लांबी नाही (खाट आणि दार यांच्यामध्ये मी उभी राहिले की दार उघडत नाही), म्हणून उभ्यानेच, पण मनापासून वाकून नमस्कार. तू बरी आहेस ना? तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदललास की अजून दोरी बांधूनच चालवतेस? आईचं कसं चाललंय? बाबांची पाठ कशी आहे? मी विचारलं की ते 'उत्तम' म्हणतात, पण ते बंद पडलेल्या लिफ्टबद्दल इमारतीच्या मालकालाही 'उत्तम'च म्हणतात आणि मग सगळी लिफ्ट खोलून ठेवतात, त्यामुळे काही कळत नाही. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. एक तर मी दिवसभर फोनच करते, आणि रिसीव्हर कानाला लावला की आता कान ठणकतो. दुसरं म्हणजे घरी फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि शेजारच्यांना हाका मारतात. मग निम्म्या आळीसमोर मी काय बोलणार? मी म्हणते, सगळं छान चाललंय.

ते सगळ्यांना सांगत असतात की पोरगी विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर आहे. तर आत्या, निदान तुला तरी खरं काय ते सांगते. मी विद्यापीठात आहे हे खरं. तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून एक खोली आहे, तिथे बसून मी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या लोकांना फोन करते आणि विचारते, आपण सध्या काय करता? एवढंच. ज्यांनी आपल्याकडून पदवी नेली त्यांचं पुढे काय झालं, घरात आधी कोणी शिकलेलं होतं की नाही, त्याने काही फरक पडला का, हे विद्यापीठाला जाणून घ्यायचं आहे. (मला विचारलं असतं तर मी चहाच्या वेळात सांगितलं असतं.)

या खोलीत येण्याआधी मी मुलाखती दिल्या, हे तुला माहीत आहे, पण त्यात काय झालं ते मी घरी कधी धड सांगितलं नाही. एका ठिकाणी टेबलामागे बसलेल्या साहेबांनी विचारलं, घरी या क्षेत्रातलं कोणी? मी म्हणाले, वडील लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, "अरे वा, म्हणजे वर कसं जायचं ते तुम्हाला ठाऊकच असणार!" सगळे हसले. मीही हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, हे मला अजून लागतं. दुसऱ्या ठिकाणी छंद विचारले. माझ्या आधीच्या मुलीने घोडेस्वारी सांगितली होती (दाराला फट होती). मी सुट्टीत तुझ्या शिवणाच्या दुकानात बसून सदऱ्यांच्या बटणांसाठी जे केलं तेच सांगितलं, काजं करते. तिथल्या बाईंनी काज म्हणजे कार्य समजून खूश होऊन 'समाजकार्य' लिहून घेतलं. मग म्हणाल्या, कोणासाठी करता? मी म्हणाले, गिऱ्हाइकांसाठी. त्यांचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं, पण तोपर्यंत मी उभ्या आणि आडव्या काजातला फरक सांगायला लागले होते.

आणि प्रवेशाचंच बघ ना. 'पोरगी हुशारीवर आत गेली' असं बाबा सांगतात. त्या दिवशी काय झालं ते मला आणि त्यांनाच माहीत. बाकीच्या मुलामुलींचे आईवडील कधीकाळी तिथेच शिकलेले, त्यामुळे कुठल्या खिडकीवर जायचं ते त्यांच्या पायांनाच ठाऊक होतं. आम्ही दोघं सकाळभर एका रांगेत उभे होतो, आणि आमचा नंबर आल्यावर कळलं की ती रांग ग्रंथालयाची पुस्तकं परत करायची आहे. धावत योग्य इमारतीत गेलो तर लिफ्ट बंद. बाबा नुसतं दार वाजवून बघत होते, तेवढ्यात एक शिपाई ओरडत आला, "किती वेळ वाट बघायची तुमची?" आता तू बाबांना ओळखतेस. आपण तो दुरुस्तीला बोलावलेला माणूस नाही असं सांगायला त्यांना लाज वाटली. त्यांनी बाह्या सरसावल्या. मी पाने-पक्कड पुढे करत उभी (होय, ते प्रवेशालासुद्धा हत्यारं घेऊन आले होते). लिफ्ट चालू झाली तोवर खिडकी बंद झालेली. पण तिथल्या बाई वरून त्याच लिफ्टने खाली उतरल्या, चार मजले पायी उतरायचे वाचले म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि त्यांनी तिथेच, लिफ्टच्या दारात, माझे कागद घेतले. लिफ्ट धड असती तर मी आज कुठे असते कोण जाणे.

असो, विषय भरकटला. तर मी फोन करते. आमच्या वरच्या साहेबांना आम्ही टक्केवारी सर म्हणतो, कारण ते 'नमस्कार'च्या जागी 'किती झाले?' असंच विचारतात. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना 'नोकरीत' या रकान्यातली माणसं वाढलेली हवी असतात. पलीकडून कोणी 'सध्या भावाच्या दुकानात बसतो' म्हणालं की ते मागून हळूच म्हणतात, व्यवसाय लिही, व्यवसाय. फोन न उचलणारे तर मोजायचेच नाहीत. न उचलणाऱ्यांत माझ्यासारख्यांचे नंबर जास्त असतात. बऱ्याचदा घरमालकाचा नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर असतो, आणि पलीकडचा माणूस 'ते इथून गेले' म्हणून ठेवून देतो.

एकदा एका मुलाच्या आईने फोन उचलला. मुलगा परदेशी, नोकरी चांगली, तीही चांगल्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली. माझे प्रश्न संपले तरी ती ठेवेना. मुलगा कामात असतो, म्हणाली. मग मधेच थांबून तिने विचारलं, "तू जेवलीस का गं?" आत्या, मी इथे आल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. मी काहीतरी 'हो' वगैरे म्हणाले आणि उत्तर चुकून तिच्या मुलाच्या रकान्यात लिहिलं. (सरांनी ते खोडलं.)

मग परवा बाकावरचीचा नंबर आला. बाकावरची म्हणजे वर्गात कायम माझ्या शेजारी बसणारी, जिच्याबद्दल मी तुला सांगायचे. माझीच पेनं वापरायची आणि टोपणं चावायची. आमचे गुणही जवळपास सारखे. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. म्हटलं, ओळखते का बघू या. तिने ओळखलं नाही. नोकरी आहे, आवडीची आहे, कशी मिळाली? तर "बाबांचे एक मित्र आहेत तिथे." वाईट वाटून म्हणत नव्हती, फुशारकीही नव्हती, आपण घरचा पत्ता सांगतो तसं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो." मी म्हणाले, फोनवर सगळ्यांचे आवाज सारखेच वाटतात. का म्हणाले असेन गं असं? नाव सांगायला काय झालं होतं? रिसीव्हर ठेवून मी बराच वेळ पेनाच्या टोपणाकडे बघत बसले.

आणि काल कहर झाला. यादीतला पुढचा नंबर फिरवला आणि माझ्याच पिशवीत फोन वाजायला लागला. मीही त्यांचीच पदवीधर ना! मी सरांना म्हटलं, हा सोडून देते. सर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. उचल." मग मी एका कानाला ऑफिसचा फोन आणि दुसऱ्या कानाला माझा फोन लावून बसले. आपण सध्या काय करता? मी फोन करते. आपल्या घरातून पदवी घेणाऱ्या पहिल्याच का आपण? हो, पहिलीच. सगळी खोली पोट धरून हसत होती, सरसुद्धा. मग शेवटचा प्रश्न आला, शिक्षणाने आपल्याला जे हवं होतं ते मिळालं का? एका कानातून दुसऱ्या कानात माझाच श्वास ऐकू येत होता. हसणंही हळूहळू थांबलं. सरांनी वाकून माझ्या हातातलं पेन घेतलं, 'होय'वर खूण केली आणि नोकरीपुढे लिहिलं, 'विद्यापीठात'. म्हणाले, वाढला ना आपला टक्का. मग स्वतःच्या हाताने मला चहा आणून दिला. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

तर अशी मी यशस्वी आहे. माझी काळजी करू नकोस. खोली लहान आहे पण उजेड येतो. संध्याकाळी घरमालकीण जिन्यात भेटली की 'बंद करा' म्हणते. दिवा की दार ते मी अजून विचारलेलं नाही. थोरांना माझा नमस्कार पोचव, धाकट्यांचे गालगुच्चे घे, आणि बाबांना यातलं काहीही सांगू नकोस.

तुझी भाची
(मोठ्या हुद्द्यावरची)

ता. क. आत्या, एक काम होतं. तू जरा आजारी पडशील का? फार नाही, मला यायला लागेल इतपतच. नुसतं 'यावंसं वाटतं' म्हटलं तर बाबा म्हणतील, एवढं मोठं काम टाकून कशाला येतेस, आणि आळीतले सगळे स्पीकरवर ऐकत असतील. 'आत्या आजारी आहे' म्हटलं की कोणी काही विचारणार नाही.

आ. ता. क. ताप नको. आई थर्मामीटर लावते. गुडघा ठीक राहील, गुडघ्याचं कोणाला काही सिद्ध करता येत नाही. आणि माझ्या रजेची चिंता करू नकोस. सगळ्यांना फोन करून झाले की आमचं काम संपतं, आणि यादीतली शेवटची काही माणसंच उरली आहेत. पुढच्या वर्षी बोलावू, असं सर म्हणालेत.

आणखी एक. तिकीट मी काढलंय. शुक्रवारी संध्याकाळी पोचते. पत्राच्या आधी मीच दारात आले तर आश्चर्य दाखवू नकोस. गुडघा धर आणि मला आत घे.