चेहरा नको, हात दाखवा

३ फेब्रुवारी
आज केंद्रप्रमुख चंद्रप्रकाश सरांशी वाजलंच! आमच्या भांडुपच्या केंद्राचा रुग्णसेविका कोर्स ऑनलाइन करायचाय. त्यांना हजेरी मोजणारं, तारखेने धडे उघडणारं सॉफ्टवेअर हवंय. मला दुसरं – काम जमलं की पुढचा धडा. अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलता येते? व्हिडिओ टाक, मी बघते, पुढे जा. उगाच बसून कशाला राहायचं?

“अनुपमा, तू आपलंच घोडं दामटतेस!”

दामटणारच. महिनाभर चाचणी मिळाली. फसली, तर त्यांचं सॉफ्टवेअर.

७ फेब्रुवारी
कोर्सच्या बायकांचे फोनवर फोन. “मॅडम, व्हिडिओत चेहरा नको हां, घरी आवडत नाही.” सर म्हणतात, चेहरा हवाच. मी ती अट काढून टाकली. चेहऱ्याने बीपी मोजतात का?

१६ फेब्रुवारी
कांजूरमार्गची कुंदा सगळ्यांच्या पुढे! घरीच सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्यावरच सराव. काय हात आहेत! म्हातारीला हळूच कुशीवर घेतलं, पाठीला उशी लावली, चादरीला सुरकुती नाही. सरांना दाखवला व्हिडिओ. दोनदा बघितला त्यांनी. जिंकले मी!

२७ फेब्रुवारी
उद्या ट्रस्टींसमोर कुंदा प्रत्यक्ष करून दाखवणार. फोनवर म्हणते, “मीच यायला पाहिजे का?” लाजते बिचारी.

२८ फेब्रुवारी
वाट लागली.

कुंदा पलंगापाशी आली आणि नुसतीच उभी राहिली. बीपीचा पट्टासुद्धा उलटा बांधला. मग रडायलाच लागली. “ते हात माझे नाहीत ओ मॅडम. माझ्या जावेचे, जानकीचे. सासूचं सगळं तीच करते. तिची दहावी नाही, तुमचा फॉर्म पुढेच जाईना. म्हणून नाव माझं घातलं.”

सर एवढंच म्हणाले, “चेहरा असता तर?”

लाज वाटली. रागही आला – कुंदाचा नाही, माझाच. काम जमलं की पुढे, असं महिनाभर ओरडत होते, आणि दारातच दहावीची अट!

१ मार्च
सरांचा फोन. वाटलं, आता झाडणार. म्हणाले, “सॉफ्टवेअर तुझंच घेऊ, काम तर खरंच जमलं होतं. दहावीची अट काढ, चेहऱ्याची घाल. आणि त्या जावेला घे.”

लगेच जानकीला फोन लावला. चाचरतच विचारलं, “चेहरा दाखवावा लागेल गं. चालेल?”

“दाखवीन की! नाव माझंच लागेल ना पण?”